कोल्हापूरचे रँग्लर आणि विश्वाची सुरुवात

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मला एम-थ्रीमध्ये केटी लागली होती. लाप्लास, फुरिए वगैरे मंडळींशी माझं कधी जमलंच नाही. त्यामुळे मी मॅगझिनसाठी चक्क एका गणितज्ञाचं चरित्र लिहितोय हे कळल्यावर आमच्या रूममध्ये जो हशा पिकला, तो खाली मेसपर्यंत ऐकू गेला असेल! पण देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात ना, तसंच झालं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचं आडनावही नारळीकरच.

२० मे २०२५ ला पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. मी तेव्हा सुट्टीत कोल्हापूरला घरी होतो. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना आजोबा म्हणाले, की अरे हे तर मूळचे आपल्या कोल्हापूरचे, आणि यांचे वडीलसुद्धा मोठे, रँग्लर होते. मला रँग्लर म्हणजे जीन्स एवढंच माहीत! आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी समजावलं. केंब्रिज विद्यापीठात गणिताची ट्रायपॉस नावाची परीक्षा असते, तीत पहिला वर्ग मिळवणाऱ्याला रँग्लर म्हणतात. १८९९ साली कोकणातले र. पुं. परांजपे तर सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गातही पहिले आले होते. तेव्हापासून मराठी घरांत या शब्दाला फार मान.

भिवंडीला परत आल्यावर लायब्ररीतून जयंतरावांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र आणलं. आणलं होतं मुलासाठी, पण मी अडकलो वडिलांत. कारण विश्वाला सुरुवात आहे की नाही, हा प्रश्न जेव्हा जगात पहिल्यांदा नीट विचारला गेला, तेव्हा हा आपला कोल्हापूरचा माणूस बरोबर त्याच गावात होता. आणि तिथून तो परत आला. का आला, आणि येऊन काय केलं, तेच सांगायचंय.

विष्णु नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ चा, कोल्हापूरचा. घरात शास्त्र-पुराणांचं वातावरण. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते १९२८ साली बी.एस्सी. झाले, तेही पहिल्या वर्गात पहिले. पुढे जायचं तर इंग्लंडला, आणि त्यासाठी पैसा हवा. कोल्हापूर संस्थान आणि जे. एन. टाटा एंडोमेंट यांची मदत मिळाली आणि विशीतला हा मुलगा केंब्रिजला पोचला. १९३० साली ट्रायपॉस देऊन तो रँग्लर झाला. मग संशोधनासाठी आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप मिळाली आणि १९३२ साली रॅले प्राइझ. नावं तरी बघा, न्यूटन काय, रॅले काय! आपण इथे एटीकेटीचं लिस्ट बघायला नोटीस बोर्डासमोर उभे असतो त्या वयात.

आता त्या वेळी केंब्रिजमध्ये काय चाललं होतं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आइन्स्टाइनने १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत मांडला आणि १९१७ मध्ये तो सबंध विश्वाला लावून पाहिला. समीकरण सांगत होतं, की विश्व स्थिर राहू शकत नाही. ते एक तर पसरेल, नाही तर आक्रसेल. हे पटेना, म्हणून त्याने समीकरणात एक जादा संख्या घातली आणि विश्व जागच्या जागी बसवलं. (आपण लॅबमध्ये रीडिंग जुळवतो तसं म्हणा ना!) रशियातल्या फ्रीडमनने १९२२ साली दाखवलं, की पसरणारी विश्वंही गणितात अगदी व्यवस्थित बसतात. १९२७ साली बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्रने तेच स्वतंत्रपणे काढलं, शिवाय दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात त्याच्याशी ते जोडून दाखवलं. हा लमेत्र धर्मगुरू होता, पण त्याआधी तो कोण होता माहितीये? इंजिनिअरिंगचा विद्यार्थी! पहिल्या महायुद्धात सैन्यात जाऊन आला आणि मग इंजिनिअरिंग सोडून गणित-भौतिकीकडे वळला. हे वाचल्यावर आमच्या रूममधल्या दोघांनी लगेच तोच विचार बोलून दाखवला, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

लमेत्रचा लेख फ्रेंचमध्ये, एका लहानशा नियतकालिकात छापलेला. फारसा कुणी वाचला नाही. त्याने तो केंब्रिजच्या आर्थर एडिंग्टनकडेही पाठवला होता, कारण १९२३-२४ मध्ये तो त्यांच्याच हाताखाली शिकून गेला होता. आणि एडिंग्टन चक्क विसरून गेले! १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन हबलने निरीक्षणं छापली, की दीर्घिका जितकी दूर तितकी ती जास्त वेगाने लांब जाते. १९३० साली एडिंग्टन स्वतः याच गणितात शिरले, तेव्हा लमेत्रने पत्र पाठवून आठवण करून दिली. एडिंग्टन खजील झाले, पण मोठ्या मनाने त्यांनी तो लेख जगापुढे आणला. १९३१ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी लमेत्र आणखी एक पाऊल पुढे गेला. विश्व पसरतंय, तर कालचं विश्व आजच्यापेक्षा लहान असणार, परवाचं त्याहून लहान. असं मागे मागे जात राहिलं तर एका क्षणी सगळं एकाच ठिकाणी, एका आदिम अणूत गोळा झालेलं असणार. बिग बँगची कल्पना ती हीच. नाव मात्र नंतर पडलं.

नारळीकर तेव्हा तिथेच होते आणि एडिंग्टन हे त्यांच्या शिक्षकांपैकी एक. विचार करा, आज एखाद्या मुलाने जावं आणि त्याच्या डिपार्टमेंटमध्येच विश्वाच्या सुरुवातीवर वाद चालू असावा! गंमत म्हणजे पसरण्याची कल्पना ज्यांनी उचलून धरली, त्या एडिंग्टनना विश्वाला सुरुवात असावी ही कल्पना मात्र अजिबात रुचत नव्हती.

आता हे पसरणं म्हणजे काय, ते भिवंडीच्या माणसाला सांगायला फुगा वगैरे लागत नाही. आपल्याकडे कापड आहे. समजा, ताणता येणारं एक कापड आहे आणि त्यावर सारख्या अंतरावर बुट्टे छापलेत. कापड चारी बाजूंनी दुप्पट ताणलं तर काय होईल? शेजारचा बुट्टा एक इंचावरून दोन इंचांवर जाईल, आणि दहा इंचांवरचा वीस इंचांवर. म्हणजे तेवढ्याच वेळात जवळचा एक इंच सरकला, दूरचा दहा इंच. जितका दूर, तितका वेगवान, हाच हबलचा नियम! आणि कुठल्याही बुट्ट्यावर बसून बघा, बाकीचे सगळे आपल्यापासूनच लांब जाताना दिसतील. मधला असा कुणी नाही. बुट्टे कापडावरून चालत नाहीत, कापडच ताणलं जातं. त्यामुळे बिग बँग कुठे झाला हा प्रश्न चुकतो. तो अमुक जागी झाला नाही, सगळीकडे झाला. आपल्या मेसमध्येसुद्धा!

इतकी तेजीत आलेली जागा सोडून नारळीकर १९३२ साली भारतात परतले. पंडित मदनमोहन मालवीयांना बनारस हिंदू विद्यापीठासाठी गणिताचा विभागप्रमुख हवा होता. त्यांनी या चोविशीच्या आसपासच्या तरुणाला बोलावलं. एका बाजूला केंब्रिजचं संशोधन आणि त्या क्षेत्रातली जगातली पहिली माणसं, दुसऱ्या बाजूला एका नव्या विद्यापीठात वर्गावर उभं राहून शिकवणं. नारळीकरांनी बनारस निवडलं आणि तिथे थोडीथोडकी नाही, २८ वर्षं काढली.

हे वाचताना मी जरा थांबलो. आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर कुठल्याही रूममध्ये जा, विषय एकच, बाहेर कोण जाणार. जीआरई कधी, कर्ज किती, कुठल्या सीनियरला आय-ट्वेंटी आला. मीही त्यातलाच, उगाच साधुत्वाचा आव आणत नाही. त्यामुळे पहिला विचार मनात आला तो हाच, की या माणसाने चूक केली. एडिंग्टनच्या शेजारी राहिले असते तर आज त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात असतं. नुकसान झालं का? झालं असणारच. त्या काळी परदेशी नियतकालिकं बोटीने यायची, सापेक्षतेवर बोलायला आसपास माणसं नाहीत, वर विभाग चालवण्याची सगळी कामं. पण पुढचं वाचत गेलो आणि माझा हिशोब चुकू लागला.

एक तर नारळीकरांनी संशोधन सोडलं नाही. कागद-पेन्सिल आणि फळा एवढ्यावर होणारा विषय त्यांनी धरून ठेवला आणि बनारस हे भारतातलं सापेक्षतेच्या अभ्यासाचं केंद्र बनलं. दुसरं म्हणजे माणसं येऊ लागली. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा चोवीस वर्षांचा गुजराती तरुण पत्नीला आणि तान्ह्या मुलीला घेऊन बनारसला आला. नोकरी नाही, स्कॉलरशिप नाही, साठवलेल्या पैशांवर राहून नारळीकरांकडे शिकायचं एवढंच ठरवून आलेला. त्याने तिथे जो प्रश्न सोडवला तो असा. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं जे प्रसिद्ध उत्तर श्वार्झशिल्डने काढलं होतं, त्यात ताऱ्याबाहेरची जागा पूर्ण रिकामी धरलेली असते. पण खरा तारा तर सतत प्रकाश बाहेर टाकतो, म्हणजे बाहेरची जागा रिकामी नाहीच, आणि ताऱ्याचं वस्तुमानही हळूहळू घटत जातं. मग उत्तर काय? ते वैद्यांनी १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापलं. आज जगभर ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखलं जातं आणि कृष्णविवरांच्या अभ्यासात अजून वापरलं जातं. नारळीकरांच्या दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या, के. आर. करमरकर यांच्या नावाची १९४८ सालची ‘करमरकर कंडिशन’सुद्धा आजच्या शोधनिबंधांत दिसते. दोन्ही नावं आपल्या सिलॅबसमध्ये नाहीत, म्हणून आपल्याला माहीत नाहीत, एवढंच.

आणि तिसरा विद्यार्थी घरातच वाढत होता. १९ जुलै १९३८ ला कोल्हापूरला जयंतरावांचा जन्म झाला आणि ते वाढले बनारसच्या विद्यापीठाच्या आवारात. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात फळे लावलेले होते. एम.एस्सी. करायला आलेला मोरू मामा त्यातल्या एका फळ्यावर जयंतासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचा. मुलगा ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. ना क्लास, ना टेस्ट सिरीज! १९५७ मध्ये हा मुलगा वडिलांच्याच वाटेने केंब्रिजला गेला, १९५९ मध्ये तोही रँग्लर झाला आणि फ्रेड हॉईल यांचा विद्यार्थी बनला.

इथे कथा उलटी फिरते. हॉईल हे बिग बँगचे सगळ्यात मोठे विरोधक. बिग बँग हे नावसुद्धा त्यांनीच १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात वापरलं आणि तेच चिकटलं. त्यांचा विरोध हट्टाचा नव्हता, त्याला आकडेमोड होती. हबलचा मूळ आकडा साधारण ५०० होता, म्हणजे एक मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला ५०० किलोमीटर वेग. त्याचा व्यस्तांक घेतला की विश्वाचं वय अंदाजे येतं, आणि ते यायचं फक्त २०० कोटी वर्षं. पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे! आईपेक्षा मुलगी मोठी कशी? म्हणून १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी दुसरी कल्पना मांडली. विश्व पसरतं हे खरं, पण मध्ये पडणारी जागा भरायला सतत थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं. त्यामुळे विश्व कायम तसंच दिसतं, त्याला सुरुवात नाही. हा स्थिर स्थिती सिद्धांत. जयंतराव हॉईलबरोबर याच बाजूने उभे राहिले आणि १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडून जगप्रसिद्ध झाले. म्हणजे बाप होता विश्वाच्या सुरुवातीवर वाद चालू होता त्या गावात, आणि मुलगा निघाला तिथेच ती सुरुवात नाकारायला!

निकाल काय लागला? पुढे अंतरं नीट मोजल्यावर हबलचा आकडा खाली खाली येत आज ७० च्या आसपास आलाय. व्यस्तांक घेऊन बघा. आज मान्य असलेलं वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षं. खडकांचं भांडण मिटलं. त्यात १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक बारीक खरखर येऊ लागली. ती सगळ्या दिशांनी सारखी यायची, रात्री-दिवसा, बारा महिने. त्यांनी अँटेनातली कबुतरांची घाणसुद्धा साफ केली, तरी आवाज तसाच.

हे मला पटकन समजलं, कारण भिवंडीतली पहिली रात्र आठवली. झोपताना कसला तरी खटखट-घरघर आवाज येत होता. मला वाटलं पंखा बिघडलाय. बंद केला, आवाज चालूच. खिडकी लावली, तरी चालूच. शेवटी रूममेट म्हणाला, की झोप आता, हे माग आहेत, चारी बाजूंनी आहेत. ज्या रात्री लाईट गेली त्या रात्री सगळे माग एकदम थांबले, तेव्हा कळलं की आवाज केवढा होता. पेन्झियास आणि विल्सनना जे सापडलं ते असंच, सगळीकडून येणारं, विश्वाच्या बालपणीच्या उष्णतेचं उरलेलं प्रारण, तापमान शून्याच्या २७० अंश खाली. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना ज्या मुंग्या दिसायच्या, त्यातला थोडासा भाग याच प्रारणाचा! स्थिर स्थितीवाल्यांना याचं सरळ उत्तर देता येईना आणि बहुतेक जग बिग बँगकडे गेलं. जयंतराव मात्र शेवटपर्यंत त्याला अडचणीचे प्रश्न विचारत राहिले.

रँग्लर नारळीकर बनारसनंतर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला होते आणि मग पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनावर प्राध्यापक म्हणून आले. १९६९ मध्ये देशातल्या सापेक्षतेच्या अभ्यासकांची संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. १९७२ मध्ये मुलगाही केंब्रिज सोडून मुंबईला टीआयएफआरमध्ये परतला आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू झाली, तिचा पहिला संचालक बनला. म्हणजे वडिलांनी १९३२ साली जे केलं, तेच मुलाने चाळीस वर्षांनी केलं. १ एप्रिल १९९१ ला पुण्यात रँग्लर नारळीकरांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी कोबे उपग्रहाने त्या आदिम प्रारणातले बारीक चढउतार दाखवले, ज्यांच्यातून पुढे दीर्घिका जमल्या.

माझा चुकलेला हिशोब तो हा. मी एका माणसाचं नाव मोजत होतो. बनारसमधून जे निघालं त्यात वैद्य होते, करमरकर होते, जयंतराव होते, त्यांच्यानंतर आयुकात शिकलेली मुलं आहेत. बिग बँगच्या बाबतीत जसं मध्य कुठला विचारता येत नाही, तसंच हे. बाहेर जाऊ नका असं मी कुणालाही सांगत नाहीये, ते स्वतःही गेलेच होते की. मी स्वतः काय करीन तेही अजून ठरलेलं नाही. पण आमच्या केटीवाल्यांचे जादा तास संध्याकाळी सहानंतर घेणारे एक सर आहेत. त्यांचे वर्गमित्र कुठे कुठे पोचलेत हे आम्हाला माहीत आहे, आणि हे इथे का थांबलेत म्हणून आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो. आता मी हसत नाही. एम-थ्री सुटला, तोही त्यांच्यामुळेच.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. कॉमन रूममध्ये जो जुना फळा क्रिकेटचे स्कोअर लिहायला ठेवलाय, त्याचा डावीकडचा कोपरा आम्ही तिघांनी रिकामा केलाय. दर रविवारी रात्री तिथे एक गणित लिहिलं जाईल. सुटेपर्यंत पुसायचं नाही. पहिलं गणित वर येऊन गेलेलंच आहे. हबलचा आकडा ७० धरा आणि विश्वाचं वय काढा. मेगापार्सेकचे किलोमीटर करायला विसरू नका, मी पहिल्यांदा तिथेच चुकलो होतो!